नॅरोबोट घेताय? आधी मुरिंगचं ठरवा, मग बोटी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडनमध्ये दोघांची नोकरी, एका बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं परवडेनासं झालंय, म्हणून 50-55 फुटांची सेकंडहँड नॅरोबोट (कालव्यांवरची अरुंद, लांबट बोट) घेऊन तिच्यावरच राहायचं मनात आहे. लायसन्स, विमा आणि डिझेल सोडून मालकाच्या गळ्यात आणखी काय काय पडतं, ते तुम्हाला हवंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे पुण्याला जाता.

माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच. मी वॉरविकशायरमधल्या एका बोटयार्डात इंजिनं आणि ड्राय डॉकचं (पाणी काढून टाकता येणाऱ्या दुरुस्तीच्या हौदाचं) काम करतो, राहतोही बोटीवरच. फ्लॅटमध्ये पाणी, सांडपाणी, वीज, गॅस, गरम हवा, टपाल हे सगळं दुसरं कोणीतरी बघत असतं. बोटीवर ते दुसरं कोणीतरी म्हणजे तुम्ही. तुम्ही बोटीवर असताना हे जमून जातं, सवय होते. तुम्ही नसताना तिच्याकडे कोण बघणार, यावर बाकीची बहुतेक उत्तरं अवलंबून आहेत. म्हणून यादी देण्याआधी मुरिंगबद्दल, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागेबद्दल बोलू.

इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते, त्याआधी ते ब्रिटिश वॉटरवेजकडे होते. ट्रस्टचं लायसन्स दोन प्रकारे मिळतं. एक, तुमच्या बोटीला कायमची जागा आहे, म्हणजे होम मुरिंग. दुसरं, जागा नाही, पण तुम्ही सतत फिरत राहणार आहात. 1995च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात हे स्पष्ट आहे: मुरिंग नसेल तर बोट खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. ‘परिस्थितीनुसार वाजवी असेल तर थोडं जास्त’ अशी सवलत त्यात आहे. इंजिन बंद पडलं, कालवा गोठला, कोणी आजारी पडलं, तर ट्रस्टला कळवायचं, बहुधा मुदत मिळते. ‘आम्ही पुण्याला लग्नाला गेलो होतो’ हे कारण चालत नाही. शिवाय 14 दिवसांनी शंभर मीटर पुढे आणि पुन्हा मागे, असा खेळही चालत नाही. वर्षभरात 20 मैलांपेक्षा कमी टापूत घुटमळणाऱ्या बोटीचं लायसन्स अडचणीत येऊ शकतं, असं ट्रस्ट सांगतो. एप्रिल 2024 पासून अशा फिरत्या बोटींना लायसन्सवर अधिभारही लागतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढतोय.

लंडनमध्ये फिरतं लायसन्स घेऊन नोकरी करणारे शेकडो लोक आहेत. रीजंट्स कॅनॉल किंवा ली नदीवर जाऊन बघा, बोटींना बोटी लागलेल्या असतात, कधी दोन-दोन शेजारी बांधलेल्या. रविवारी सकाळी पुढची जागा शोधायला निघायचं, मिळाली नाही तर आणखी तीन लॉक (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद) ओलांडायची, आणि सोमवारी नव्या स्टेशनावरून ऑफिस गाठायचं. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरं काही नको असतं. पण दोघांच्याही ऑफिसच्या वेळा पक्क्या असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात भांडणं सुरू होतात, हे मी ग्राहकांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलंय.

होम मुरिंग घ्यायचं तर एक गोष्ट आधी विचारा, कारण जाहिरातीत ती बारीक अक्षरांत असते: मुरिंग रेसिडेन्शियल (राहण्यासाठीचं) आहे की लेझर (फक्त फुरसतीच्या वापराचं)? बऱ्याच मरिनांना (बोटी ठेवायच्या बंदरांना) बारा महिने राहण्याची परवानगीच नसते. तिथे बोट ठेवता येते, शनिवार-रविवार राहता येतं, पण ते तुमचं घर होऊ शकत नाही. काही ठिकाणी कानाडोळा करतात. त्यावर संसार मांडू नका. रेसिडेन्शियल जागा कमी आहेत, महाग आहेत आणि प्रतीक्षायादी असते. तिथे कौन्सिल टॅक्सही (म्हणजे घरपट्टी) लागू शकतो. बदल्यात पत्ता मिळतो. तुमच्यासारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला पत्त्याची किंमत मी सांगायला नको: बँक, ड्रायव्हिंग लायसन्स, होम ऑफिसची (ब्रिटनच्या गृहखात्याची) नोंद, सगळीकडे तो लागतो. डॉक्टरकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, तेवढा एक दिलासा.

म्हणून माझं मत: लंडनच्या आतला हट्ट सोडा. ग्रँड युनियन कॅनॉलच्या जवळजवळ काठाने युस्टनची रेल्वे जाते. हेमेल हेम्पस्टेड, बर्कॅमस्टेड, ट्रिंग, लेटन बझर्ड, मिल्टन कीन्स, या पट्ट्यात जागा शोधा. मुरिंग नक्की झालं की त्याच्या लांबीत बसणारी बोट बघा. लोक नेमकं उलटं करतात: बोटीच्या प्रेमात पडतात, पैसे भरतात आणि मग ती ठेवायला जागा शोधत फिरतात.

आता कागदपत्रं. लायसन्ससाठी दोन गोष्टी लागतात, थर्ड पार्टी विमा आणि बोट सेफ्टी सर्टिफिकेट. लायसन्सची रक्कम बोटीच्या आकारावर असते. तुम्ही म्हणताय त्या लांबीला वर्षाला हजार पौंडांच्या वर धरा. सेफ्टी सर्टिफिकेट चार वर्षं चालतं, आणि त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘नवं सर्टिफिकेट आहे’ असं विकणारा अभिमानाने सांगतो आणि घेणाऱ्याला वाटतं बोट ठणठणीत आहे. सर्टिफिकेट देणारा परीक्षक गॅस, इंधन, वायरिंग, हवेच्या जाळ्या, आग विझवायची साधनं एवढंच बघतो, म्हणजे तुमच्या बोटीमुळे आग लागू नये, स्फोट होऊ नये. तळाचा पत्रा किती उरलाय याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

लायसन्स थकवलं किंवा नियम सतत मोडले तर 1983च्या कायद्याच्या कलम 8 खाली ट्रस्ट बोट उचलून नेऊ शकतो. बोटीवर कोणी राहत असेल तर त्याआधी नोटिसा आणि कोर्ट असं सगळं होतं, पण होतं.

मालकीचं आणखी एक. बोटीला सातबारा नाही. घरासारखं सरकारदप्तरी नाव लागत नाही, आणि ट्रस्टचं लायसन्स हा मालकीचा पुरावा धरला जात नाही. बिल ऑफ सेल, बांधणाऱ्याचं मूळ बिल, आधीच्या विक्रीचे कागद यांची साखळी बघायची आणि बोटीवर कर्ज थकलेलं नाही याची खात्री करायची. घरासारखं मॉर्टगेज मिळत नाही. बोटीचं कर्ज मिळतं, त्याला व्याज जास्त.

तळाच्या पत्र्यावर मी थोडा जास्त बोलणार, कारण माझा दिवस त्यातच जातो. नॅरोबोट म्हणजे लोखंडी डबा. जाहिरातीत 10/6/4 असे आकडे दिसतील: तळ 10 मिलिमीटर, बाजू 6, केबिन 4. हे बांधताना. वीस वर्षांनी काय उरलंय ते बोट पाण्याबाहेर काढून, अल्ट्रासाउंडने ठिकठिकाणी जाडी मोजूनच कळतं. 4 मिलिमीटरच्या खाली गेलं की विमा कंपन्या कुरकुरतात, आणि जुन्या बोटीला त्या बहुधा आधी सर्व्हे मागतात. सर्व्हेअर तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. तळावर नवा पत्रा वेल्ड केलेला असेल तर घाबरू नका, पण का केला ते विचारा.

घेतल्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी ब्लॅकिंग, म्हणजे बोट ड्राय डॉकमध्ये किंवा क्रेनने बाहेर काढायची, प्रेशर वॉशरने शेवाळ आणि सुटलेला रंग उडवायचा आणि बिट्युमेनचे थर द्यायचे. इपॉक्सी लावलं तर जास्त टिकतं, पण त्याआधी पत्रा घासून लख्ख करावा लागतो आणि खर्चही जास्त. त्याच वेळी मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड बघायचे. ते वेल्ड केलेले ठोकळे बोटीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजतात. मरिनात बोट किनाऱ्याच्या विजेला जोडून ठेवणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का ते नक्की विचारा. नसेल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटी आणि तुमची बोट मिळून एक बॅटरी होते आणि ती तुमचे अ‍ॅनोड भराभर खाते. फिरत्या बोटींपेक्षा मरिनात निवांत पडलेल्या बोटीचा पत्रा जास्त खड्डे घेऊन आलेला मी पाहिलाय, बोटीला इस्त्रीसारखी पॉलिश आणि खाली ही तऱ्हा. डॉकची तारीख आयत्या वेळी मिळत नाही, उन्हाळ्याची वसंतापूर्वीच घ्यावी लागते.

बोट बुडते कशी? बहुतेक वेळा अगदी फालतू कारणाने. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा जिथून बाहेर जातो तिथे स्टर्न ग्लँड असतो, आत ग्रीस लावलेली दोरीची पॅकिंग. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधून बोट चालताना थेंब-थेंब पाणी येणं ठीकच आहे. दिवसाचा प्रवास संपला की पितळी ग्रीसरची मूठ फिरवायची, हाताला जड लागेपर्यंत, आणि थेंब थांबला का ते टॉर्च मारून बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. ते केलं नाही, बिल्ज पंपाचा (तळाशी साचलेलं पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा) फ्लोट अडकला, बॅटरी उतरली आणि मालक महिनाभर गावाला: एवढं जुळून आलं की संपलं.

दुसरं ठिकाण वीड हॅच. पंख्यात काही अडकलं की इंजिनाजवळचं झाकण उघडून, कोपरापर्यंत हात त्या गार पाण्यात घालून ते कापून काढायचं. आधी इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, याला अपवाद नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या, सायकलचं टायर, गादीची तार, काहीही निघतं. बर्मिंगहॅमजवळ एका बोटीच्या पंख्यातून मी साडी काढलीय, जरीकाठाची, सगळी दांड्याला गुंडाळलेली. काम झालं की झाकण पुन्हा बसवून घट्ट आवळायचं. सैल राहिलं तर पंखाच पाणी इंजिनाच्या खोलीत फेकत राहतो आणि स्टिअर करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

रोजच्या कामांचा मी बाऊ करणार नाही, ती अंगवळणी पडतात. पाण्याची टाकी साधारण 300 ते 600 लिटर, दोघांना आठवडाभर पुरवायला शिकता. टॉयलेटची कॅसेट असेल तर दर दोन-तीन दिवसांनी उचलून एल्सन पॉइंटवर, म्हणजे कालव्याकाठच्या मैला टाकायच्या जागी, रिकामी करायची. हे काम कोणाचं, ते बोट घेण्याआधी दोघांत ठरवा. पंप-आउट टाकी मोठी असते, पण भरली की बोटच पंप-आउटच्या ठिकाणापर्यंत न्यावी लागते आणि दर वेळी पैसे. विजेचं गणित हिवाळ्यात बिघडतं: सोलर डिसेंबरात जवळपास काहीच देत नाही, लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवल्या तर लवकर मरतात, आणि रात्री 8 ते सकाळी 8 इतर बोटींजवळ इंजिन चालवायचं नाही असा नियम आहे. घरून काम करताना दोन लॅपटॉप, दोन मॉनिटर चालवणार असाल तर बॅटऱ्यांवर हात आखडता घेऊ नका. डिझेल भरताना किती प्रवासाला आणि किती गरम हवा-विजेला, असं तुम्हाला सांगावं लागतं, कारण प्रवासाच्या भागावर पूर्ण कर लागतो. बहुतेक लोक 60-40 सांगतात.

स्वयंपाकाचं मात्र आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. गॅस प्रोपेनचाच घ्या, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही. 13 किलोच्या दोन बाटल्या ठेवा, एक संपली की दुसरी. रोज पोळ्या, कुकर, फोडणी म्हटलं की बाटली इंग्रज शेजाऱ्यापेक्षा बरीच लवकर संपते. आणि वाफ! सात फुटांच्याही आत रुंदीच्या लोखंडी खोलीत वरण-भाताची वाफ थंड खिडक्यांवर बसते, तिथून गादीखाली जाते. गादीखाली हवा खेळती ठेवा, कुकर लावताना बोटीची झडप (बाजूचं छोटं दार) उघडा. थंडी वाजते म्हणून छताचे आणि दाराचे व्हेंट फडकी कोंबून बंद करू नका. कोळसा-लाकडाची शेगडी रात्रभर धुमसत असताना कार्बन मोनॉक्साइडपासून वाचवणारी तीच वाट आहे. राहण्याच्या बोटींवर त्याचा अलार्म 2019 पासून सक्तीचा आहे. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा.

चालवायला परवाना लागत नाही, हे खरं. म्हणून एखादा दिवसाचा कोर्स करा असं मी सांगतो, मुख्यतः लॉकसाठी. खाली उतरताना लॉकच्या वरच्या दारांपाशी पाण्याखाली एक रुंद पायरी असते, तिला सिल म्हणतात. काठावर पांढरी रेघ आणि सिल असं लिहिलेलं असतं. बोटीची मागची बाजू, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे हवी. पाणी उतरत असताना बोट सरकून मागे गेली तर शेपटी पायरीवर अडकते, नाक पाण्याबरोबर खाली जातं आणि पुढच्या दारातून पाणी आत शिरतं. हे मिनिटा-दोन मिनिटांत होतं. म्हणून एकाने बोटीवर इंजिन हलकं पुढे ठेवून उभं राहायचं, दुसऱ्याने हातात विंडलास (लॉकच्या झडपा उघड-बंद करायचं हँडल) आणि नजर बोटीवर. अडकली असं वाटलं की खालची पॅडल (लॉकमधलं पाणी सोडणाऱ्या झडपा) ताबडतोब पाडायची, मग वरची हळूहळू उघडून पाणी परत भरायचं. विंडलास पॅडलवर तसाच सोडून फोटो काढायला जाणारे रोज दिसतात.

लॉक सोडताना सगळी पॅडल बंद आहेत ना ते बघा. एक अर्धवट उघडं राहिलं की रात्रीत वरचा टप्पा रिकामा होतो आणि सकाळी कोणाची तरी बोट चिखलात तिरकी. वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही खूप हळू जायचं, नाहीतर त्यांच्या खुंट्या उपटतात. नद्यांवर गेलात तर नांगर, लाइफ जॅकेट आणि पुराचे फलक वाचायची सवय हवी. थेम्सचं लायसन्सही वेगळं.

कधी कुठे जाता येईल याचं वेळापत्रक तुमच्या हाती नसतं. हिवाळ्यात ट्रस्ट लॉक दुरुस्तीसाठी बंद ठेवतो, आणि उन्हाळा कोरडा गेला तर धरणांत पाणी नाही म्हणून मैलोन्मैल कालवा बंद होतो. 2025 मध्ये लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर हेच झालं. रुंदीचंही बघा. कोणी मोठी, दहा-बारा फूट रुंदीची बोट सुचवेल. राहायला ऐसपैस, पण ऑक्सफर्ड कॅनॉलसारख्या सात फुटी लॉकमधून ती जात नाही. लांबीचं म्हणाल तर 57 फुटांपर्यंतची नॅरोबोट जवळपास सगळीकडे जाते.

आता पुण्याचे पाच आठवडे. फिरतं लायसन्स असेल तर टो-पाथवर (कालव्याकाठच्या पायवाटेला) बोट बांधून जाता येणार नाही. ट्रस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी विंटर मुरिंग विकतो, किंवा एखादी मरिना तेवढ्यापुरती जागा देते. ते तिकिटाआधी ठरवा. निघण्यापूर्वी पाण्याचा पंप बंद करून सगळे नळ उघडे टाका आणि पाइप रिकामे करा, शॉवरचा मिक्सर आणि गॅसचा गीझर विसरू नका, गोठून पहिले तेच फुटतात. इंजिनाच्या कूलिंगमध्ये अँटीफ्रीज पुरेसं आहे का तपासा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरतं आणि त्या पाण्यात डिझेल बग (डिझेलमध्ये वाढणारे सूक्ष्मजंतू) वाढतो. गॅस बाटलीवरच बंद. कॅसेट रिकामी, धुतलेली. बाकी वीज तोडा, पण बिल्ज पंप थेट बॅटरीवर चालू राहायला हवा. ग्रीसर फिरवा. आणि आठवड्यातून एकदा बोट पाण्यात किती बसलीय हे बघणारा माणूस ठरवा, पैसे देऊन का होईना. बोट रिकामी ठेवण्याबद्दल तुमच्या पॉलिसीत अटी असतील, त्या वाचून त्याप्रमाणे करा आणि फोटो काढून ठेवा.

पैशाचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. मुरिंग कुठे आणि पत्रा कसा, यावर ते हलतं. कामं स्वतः करणारा आणि प्रत्येक कामाला माणूस बोलावणारा, यांच्या खर्चात दुपटीचा फरक मी बघतो. लंडनचं भाडं आणि ट्रिंगकडचं रेसिडेन्शियल मुरिंग यांत तुमचे पैसे वाचतील असं मला वाटतं, पण घरासारखी बोटीची किंमत वाढत नाही हेही त्यात धरा.

एवढं वाचूनही मन असेल तर बोट भाड्याने घेऊन आठवडाभर राहून बघा, तेही ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये. जुलैत सगळ्यांनाच आवडतं. त्या आठवड्यात ऑफिसचं काम चालू ठेवा, रोज घरचा स्वयंपाक करा आणि कॅसेट दोघांनीही एकेकदा रिकामी करा. दरम्यान वर सांगितलेल्या पट्ट्यातल्या मरिनांना फोन करून तीनच गोष्टी विचारा: रेसिडेन्शियल जागा आहे का, यादी किती लांब आहे, आणि मालक महिनाभर नसताना बोटीवर लक्ष ठेवतात का. पुढे एखाद्या बोटीचा सर्व्हे केलात आणि जाडीचे आकडे कळले नाहीत तर विचारा, बघून सांगतो.